मेटाडोरमध्ये सात पाट्या

आमच्याकडे दोन स्वयंपाकघरं आहेत आणि त्यातल्या एकाला चार चाकं आहेत.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "काकी, बरं आहे ना सगळं?" बरं आहे हो. आता बरं आहे. आधीची तीन वर्षं बरं नव्हतं.

माणसं रिटायर होतात तेव्हा शाल, नारळ, फार तर भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. आमचे हे बोईसरच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते. निरोपाच्या दिवशी मी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. बघते तर गल्लीतून एक ट्रॅक्टर येतोय. ट्रॅक्टरच्या मागे दोरखंडाने बांधलेली एक गाडी. आणि त्या गाडीत स्टिअरिंग धरून, गळ्यात हार, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, असे आमचे हे!

माझ्या हातातलं निरांजन विझलं. मी ओवाळायचंच विसरले.

"अहो, हे काय?"

"गाडी."

"ते दिसतंय. कुणाची?"

"आपली!" लग्नातसुद्धा हा माणूस इतका खूश दिसला नव्हता. "भंगारवाल्याकडे चिंचेखाली पडली होती गं. कुणा साहेबाची होती म्हणे, बायकोमुलांना घेऊन देशभर हिंडायचा. हिच्या आत घर आहे, घर!"

असं म्हणून त्यांनी मागचं दार उघडलं. आतून एक कोंबडी फडफडत माझ्या अंगावर आली. मागे तीन अंडी. म्हणजे घर होतं हे खरं, पण कोंबडीचं होतं.

ती मेटाडोर. (तिची खरी जात कोणती ते आजवर कुणाला कळलेलं नाही. आमच्याकडे तोंड चपटं आणि पाठ लांब असली की ती मेटाडोर.) गोल गोल डोळे, वरचा अर्धा रंग सायीचा, खालचा निळा आणि मधे गंज. परसात आणून उभी केली ती नेमकी कुठे? तर जिथे ऊन येतं तिथे! आमच्या परसात ऊन एकाच जागी येतं आणि तिथे माझं वाळवण असतं. मी समुद्रकाठच्या मुरबे गावची मुलगी. बोईसरला चाळीस वर्षं राहिले तरी माझे बोंबील मी स्वतः सुकवते. आता त्या उन्हात गाडी वाळत पडली आणि माझे बोंबील सावलीत कुबट झाले.

तीन वर्षं यांनी त्या गाडीची सेवा केली. सकाळी उठून चहा घेतला की गाडीखाली. जेवायला हाक मारली की फक्त पाय उत्तर द्यायचे. पाहुणे आले की मी सांगायचे, "नमस्कार करा, ते पाय आहेत ना, ते आमचे." काय काय नाही केलं त्यांनी! बाक ओढला की पलंग होतो. फळी उचलली की दोन बर्नरची शेगडी. छत वर ढकललं की कापडी माळा. आणि एक एवढंसं बेसिन, त्याला पायाने दाबायचा पंप. पाय दाबला की नळाला पाणी येतं. आत जायचं तर चपला बाहेर, पाय धुऊन, पुसून! आमच्या देवघरातसुद्धा हे चपला घालून डोकावतात, बरं का.

आणि लोक! त्या गाडीत काय जादू होती देव जाणे. रिक्षावाले भाडं मागे बसवून थांबायचे. शिफ्टच्या बसमधून उतरलेली पोरं डबा हातात घेऊन फाटकाशी उभी राहायची. एकदा उत्तरेकडचा एक कामगार आत वाकून कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चाची, यह तो हमारे कमरे से बड़ा है. हम वहाँ छह जन रहते हैं." त्याला मी चहा दिला. पण माझं मत बदललं नाही. नवीन गाडीकडे ढुंकून न बघणारा माणूस या म्हातारीपुढे विरघळतो. का, ते मला कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की इतकं सगळं करून ती गाडी तीन वर्षांत फाटकाबाहेर गेलेली नाही! रंग ओला आहे, टायर यायचेत, पंप ठिबकतोय. रोज काहीतरी.

शेवटी गेल्या वर्षी सुकत घातलेले सोडे खराब झाले आणि मी कमरेला पदर खोचला.

"एक तर ती राहील, नाहीतर मी!"

हे दोन दिवस काही बोललेच नाहीत. (ते विचार करत होते. खरंच विचार करत होते! याचाच मला पहिला धक्का.) तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं. विकू."

आमच्या संजूने, म्हणजे मुलाने, फोनवर जाहिरात टाकली. मला वाटलं, भंगारवालाच परत येईल. कसलं काय! फोनवर फोन. अशा जुन्या घर-गाड्यांसाठी तरुण पोरं वेडी झालीत म्हणे. ठाण्याच्या एका जोडप्याने तर हट्टच धरला. मयूर आणि रेवती, लग्नाला वर्ष झालेलं. त्यांची एकच अट, गाडी समुद्राच्या बाजूला उभी करून दाखवा. फोटो हवेत.

यांचीही एकच अट. "द्यायच्या आधी एकदा आपण दोघं तिच्यातून कुठेतरी जाऊ. दातिवऱ्याला, केळव्याला, तू म्हणशील तिथे."

"मुरब्याला चला," मी म्हटलं. "समुद्रही आहे आणि माझं माहेरही आहे. जेवण तरी धड मिळेल."

तर आम्ही मुरब्याला गेलो. जाताना मी मागे बसले, फुगून. खिडकीचा पडदासुद्धा उघडला नाही. माझ्या भावाचं, नारायणाचं, घर बंदराला लागून आहे. तिथे अंगणात गाडी उभी केली आणि भावाकडे राहिलो. सकाळी नऊला ती पोरं येणार होती.

सकाळी सहालाच यांनी गाडी वाळूकडेला नेली. पुसली. परत पुसली. छत उचललं, पडदे बांधले, आत वारा खेळावा म्हणून मागचं दार वर सताड उघडलं. मग मला म्हणाले, "मी नारायणाबरोबर शहाळी आणायला जातो. पोरांना द्यायला. तू इथे बस. आणि वत्सला, कुणाला आत येऊ देऊ नकोस हां."

"मी काय लहान आहे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बंदरावर एक रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, पण पोटातल्या पोराला ठाऊक असते. होड्या लागल्या की बायका मासळी पाट्यांत भरतात आणि बाजाराला न्यायचा टेम्पो वाळूकडेला येऊन उभा राहतो. मागचं दार उघडं असलेली गाडी दिसली, की पाटी ठेवायची आणि चढायचं. विचारायचं नाही. विचारेपर्यंत बर्फ विरघळतो! मीसुद्धा लग्नाआधी अशीच चढत होते. मला हे ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

पण मी आत शेगडीवर चहा ठेवत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, जाता जाता बघावं तरी पेटते का. पेटली! निळी ज्योत, एकसारखी. मी तिच्याकडे बघत बसले आणि मागे धप्प झालं.

धप्प! धप्प! धप्प!

वळून बघते तर यांच्या धुतलेल्या, पुसलेल्या, मेण लावलेल्या लाकडी जमिनीवर तीन पाट्या. पापलेट, कोळंबी, बोंबील. खालून बर्फाचं पाणी. आणि चौथी पाटी डोक्यावर घेऊन चढत होती हिरू. माझी लहानपणची मैत्रीण. हिचा आवाज सुटला की समुद्र जरा मागे सरतो.

"अगो वच्छे! तू टेंपोत काय करतेस?"

"हिरू, हा टेम्पो नाही गं!"

"मंग काय हाय?"

आता बघा. इथे मी एवढंच म्हणायचं होतं की खाली उतर. यांची ताकीद होती, माझी तीन वर्षांची चीड होती, सगळं होतं. पण हिरूने आत पाहिलं. पडदे पाहिले, पलंग पाहिला, शेगडीवरचा चहा पाहिला आणि पाटी डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "आई गं! वच्छे, ही तुजी गाडी हाय? राणीसारकी हायस की तू!"

आणि मी, बोईसरची वत्सलाकाकी, गाडीचा नुसता विषय निघाला तरी कपाळाला आठ्या घालणारी मी, चक्क म्हणाले, "हो मग! आमचीच आहे. ये, दाखवते."

माहेरच्या बायकांपुढे बढाई मारायची संधी साक्षात देवीलासुद्धा सोडवत नाही, तिथे मी कोण? हिरूने बाहेर तोंड काढून हाक मारली, "या गो सगल्या! वच्छीच्या घरात या!" अर्ध्या मिनिटात आत सात बायका आणि सात पाट्या. मी गाइड! "हा बाक ओढायचा, की झाला पलंग." चौघी पलंगावर बसून बघतात. "हे वर ढकललं की माळा." एक माळ्यावर. "आणि हे बेसिन. इथे पाय दाबायचा."

"पानी येते?"

"दाबून बघ."

हिरूने पाय दाबला. पाणी आलं. सातही जणी ओरडल्या. पुढच्या क्षणाला हिरूने पाटीतले बोंबील त्या बेसिनमध्ये धुवायला घेतले, आणि दुसरीने धुतलेले बोंबील दोन दोन तोंडं एकमेकांत अडकवून पडद्याच्या दांडीवर टांगायला सुरुवात केली. "अगं, हे काय करतेस?" "निथलू दे जरा, मंग पाटीत भरते!" सायीच्या रंगाच्या पडद्यावर गुलाबी बोंबलांची झालर! मी हबकून उभी. आणि मी हबकले असताना चहा उतू गेला.

"अगं बायांनो, उतरा आता! गिऱ्हाईक येणार आहे गाडीला!"

"आमचा टेंपो कुटं हाय?" हिरूने विचारलं.

खरंच, टेम्पो कुठे होता? एकीने फोन लावला. टेम्पो वाटेतच बंद पडलेला. गाडीत एकदम शांतता झाली. (मुरब्याच्या सात बायका गप्प! याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.) बाजार भरायची वेळ झाली होती, उन्हं चढत होती, आणि सात घरांची आजची मासळी पाणी सोडत होती.

"वच्छे," हिरू हळू म्हणाली, "तुजा नवरा सोडील काय आमाला?"

तेवढ्यात तो "तुजा नवरा"च आला. दोन्ही हातांत शहाळी. त्याने मागच्या दारातून आत बघितलं.

मी यांना चाळीस वर्षं ओळखते. कढईतलं तेल तापताना कसं शांत दिसतं, तसे हे होतात. मी डोळे मिटले. शहाळं डोक्यात बसेल असंच वाटलं. पण आवाज आला तो भलताच.

"नळ... चालला?"

डोळे उघडले. हे बेसिनकडे बघत होते. बोंबलांकडे नाही, पाण्याकडे.

"पंप चालला का गं? कुणी दाबला? ठिबकतोय?"

"जराबी नाय!" हिरू म्हणाली. "लय ग्वाड चालते."

"आणि शेगडी?"

"पेटली," मी म्हटलं.

तीन वर्षं हा माणूस एक घर बांधत होता आणि त्यात कुणी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. ते मला आज, बोंबलांच्या झालरीखाली उभं राहून, कळत होतं. पण कळायला वेळ कुठे होता? बाहेर कारचा हॉर्न वाजला. ठाण्याचं जोडपं एक तास आधी हजर!

मी काय करावं? मी मागचं दार खाली ओढलं, पडदे सोडले आणि सात बायकांना म्हटलं, "श्श!" मग बाजूच्या दाराने उतरून पदर सावरत उभी राहिले.

"वॉव! केवढी क्यूट आहे!" रेवती गाडीभोवती फिरत होती. "मयूर, डोळे बघ ना तिचे! माझ्या आजोबांच्या फोटोत अशीच आहे." मग तिने नाक आक्रसलं. "काकू, हा वास?"

"समुद्राचा," मी म्हटलं.

गाडी आतून शिंकली.

"आत कुणी आहे का?" मयूर.

"छे!"

गाडी परत शिंकली, आणि मग गाडीच म्हणाली, "मिरची कोनी ठेवली गो हितं?"

मयूरने बाजूचं दार सरकवलं. आत हिरू मांडी घालून बसलेली, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात माझाच उतू गेलेला चहा. मागे सहा जणी ओळीने, फोटोला बसल्यासारख्या. "या, बसा," हिरू म्हणाली. "चा घ्या." आणि पाव्हण्यांना जागा करायला म्हणून तिने पायाने एक पाटी सरकवली. ती चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची होती. एकीची दोरी सुटली होती. ती चिंबोरी शांतपणे पायरी उतरली आणि मयूरच्या बुटाची नाडी धरून लोंबकळली.

मयूर जो नाचला! वाळूत अर्धा फूट खड्डा झाला. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही पोरं पळणार, गाडी घरी येणार, आणि माझे बोंबील जन्मभर सावलीत. पण रेवती हसता हसता वाळूत बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "मयूर, हीच! हीच गाडी हवी. आजच घेऊन जाऊ."

आता थक्क व्हायची पाळी माझी. हे तर शहाळं हातात धरून पुतळाच झाले.

"आदी आमाला बाजारात सोडा," हिरूने निकाल दिला. "मंग तुमचं काय ते विका."

मग आमची वरात निघाली. गाडी हे चालवतात, मागे सात बायका, सात पाट्या, त्यांच्या मागे ठाण्याच्या पोरांची कार. मागे जागाच नव्हती, म्हणून मी पुढे बसले, यांच्या बाजूला. पहिल्यांदा. समोर एवढी मोठी काच, रस्ता थेट पायांखाली येतो. चढ आला की गाडी म्हातारीसारखी कण्हायची आणि मागून सातही जणी "हेइस्सा!" करायच्या, जणू होडी ओढतायत. आणि चढायची हो ती! झाडाखालची माणसं हात करत होती. एक आजोबा तर सायकलवरून उतरून उभे राहिले. मी हात केला. आधी एकदा, मग सगळ्यांनाच. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "हॉर्न वाजवायचाय?" मी वाजवला. मग बोईसर येईपर्यंत मीच वाजवत होते.

बाजारात मागचं दार वर गेलं आणि गर्दी झाली. शिफ्ट सुटलेली पोरं, रिक्षावाले, सगळे गाडी बघायला आले आणि मासळी घेऊन गेले. हिरू पलंगावर बसून पापलेट विकत होती! तासाभरात पाट्या रिकाम्या. उतरताना हिरूने माझ्या गालावरून हात फिरवला. खवले तसेच चिकटले. "वच्छे," म्हणाली, "टेंपो दुरुस्त व्हायला चार दिस हायत म्हंते."

मग यांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "तूच दे त्यांना," म्हणाले. "विका, हा शब्द तुझा होता." आणि पंपाचं काहीतरी बघायचं म्हणून वाकले. पंपाला काहीही झालेलं नव्हतं.

रेवती पुढे आली. "काकू, मग ठरलं ना?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, "हो" म्हणायलाच उघडलं होतं.

"नाय," मी म्हटलं.

नाही नव्हे, नाय! माहेरची बोली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मागून ठण्णकन आवाज आला. यांचं डोकं बेसिनला आपटलं होतं.

"पण काकू, का?"

"उद्या सकाळी सहाला हिरूला शब्द दिलाय," मी म्हटलं. (दिला नव्हता. पण तेवढ्यात मनातल्या मनात दिला.) पोरं हिरमुसली. त्यांना घरी नेऊन कोळंबीभात वाढला तेव्हा जरा खुलली. अजून फोन करतात, गाडीची चौकशी करतात. माझी नाही, गाडीची.

तर आता असं आहे. गाडी परसात नसतेच, त्यामुळे माझं ऊन मला परत मिळालं, पण वाळवण घालायला मी घरी कुठे असते? दातिवरे झालं, केळवे झालं. सकाळी हॉर्न वाजवून यांना मीच उठवते. आत यायचं तर पाय धुऊन, पुसून! त्या दिवशी पाटीतून पळालेली आणखी एक चिंबोरी आठवड्याने सीटखाली सापडली. तेव्हापासून डावीकडची खिडकी माझी आणि तिचा वास यांच्या बाजूला.

आणि परवा दुपारी माझा डोळा लागला असं समजून हे फोनवर संजूशी हळू आवाजात बोलत होते.

"अरे, त्या ठाण्याच्या पोरांचा नंबर पाठव जरा... नाही रे, गाडी नाही द्यायची. तुझी आई नेतात का, ते विचारायचंय."